बंदूक राखणीची, मोर्चात कशाला?

(यवत, ता. दौंड येथील जिल्हा बैठकीत झालेले भाषण. बोली तशीच ठेवली आहे, लांबी थोडी कमी केली आहे.)



जेवणाच्या आधी मागच्या रांगेतून माझ्याकडे एक चिठ्ठी आली. खाली नाव नाही. चिठ्ठीत लिहिले आहे, "वनखात्याच्या कचेरीवर पुढचा मोर्चा निघेल तेव्हा ज्याच्या घरी रायफल किंवा बंदूक आहे त्याने ती खांद्याला लावून यावे. मग साहेब आपसूक खुर्चीतून उठतील." मी ती वाचून दाखवली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. शिरूरकडच्या मंडळींनी जरा जास्तच वाजवल्या. म्हणून आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते ते बाजूला ठेवतो आणि या चिठ्ठीवर बोलतो.

पहिली गोष्ट, चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड आणि जांबुत भागात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याने नेली. त्यात एक पाच-सहा वर्षांची पोर होती, एक म्हातारी आजी होती आणि तेरा वर्षांचा एक मुलगा होता. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक रस्ता अडवला. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. आपण कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालतो तो बिबट्यापासून कुत्रा वाचावा म्हणून. तो माणसाच्या गळ्यात आला. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्या मनात बंदूक येणारच. ती आली नाही तर मी म्हणेन की तो दगड आहे.

इकडे दौंडच्या जिरायत भागातले दुखणे वेगळे. इथे ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतो. खाते थोडे आणि पाडते जास्त. कापूसवाल्या पाहुण्यांकडे डुकराबरोबर रोही आहेत. मी शेतकी कॉलेजात चार वर्षे शिकलो. ज्वारीवरच्या खोडमाशीचा उपाय शिकवला, काणीचा शिकवला. रानडुकराचा कोणी शिकवला नाही. तो तुम्ही माळ्यावर बसून, डबे वाजवून, गोफण फिरवून शोधला.

तेव्हा राग खरा आहे. प्रश्न एवढाच की हा राग बंदुकीच्या नळीतून रस्त्यावर आणला तर नुकसान कोणाचे? बिबट्याचे? डुकराचे? साहेबाचे? की आपले?

कायदा मी कॉलेजात शिकलो नाही. चळवळीत आल्यावर शिकलो, तोही कोर्टाच्या व्हरांड्यात, तुमच्यासारख्यांबरोबर तारखा मोजत. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. एका शेतकऱ्याकडे बारा बोअरची परवान्याची बंदूक होती. परवाना पीक राखणीचा, कागद चोख. एके रात्री त्याला ताप होता म्हणून त्याने बंदूक पुतण्याकडे दिली आणि सांगितले, जा, तू बस माळ्यावर. पुतण्या मोटारसायकलवर निघाला, बंदूक पाठीवर उघडी. सण जवळ आला होता, फाट्यावर नाकाबंदी होती. पोलिसाने विचारले, परवाना कुठे? म्हणाला, चुलत्याचा आहे, घरी आहे. पुतण्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा, चुलत्यावर परवान्याच्या अटी मोडल्याचा. बंदूक जप्त. त्या वर्षी त्यांची ज्वारी डुकरांनीच काढली. पुढची कित्येक वर्षे दोघे तारखांना जात होते. पोलिसाने काही वावगे केले नव्हते. कायद्यात जे लिहिले होते तेच केले. चुलत्या-पुतण्याने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. त्यांना कायद्यात काय लिहिले आहे ते ठाऊक नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा.

म्हणून आता जे लिहिले आहे ते सांगतो. कंटाळा आला तरी ऐका.

१९५९ चा शस्त्र कायदा आहे. इंग्रजांनी १८७८ साली हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेणारा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी हा आला. या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक चांगली जागा आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम १३ म्हणते की खरोखरीच्या पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर तो द्यायचा आहे. ठासणीने भागत नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोअरसारखी बंदूकही देता येते. कलम १४ म्हणते, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. तेव्हा दोन एकरवाल्याला कोणी "तुझ्याकडे आहे काय राखायला" असे म्हणाले तर त्याला हे कलम दाखवा. परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते. ते मागून घ्या आणि मुदतीत अपील करा.

आता नीट बघा. कायद्याने पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली, रायफल सांगितली नाही. का? रायफलच्या नळीत आतून आटे असतात. गोळी फिरत जाते, सरळ जाते आणि फार लांब जाते. बांध ओलांडते, शेजाऱ्याची वस्ती ओलांडते. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, रात्रीची वेळ, पलीकडच्या वावरात कोण पाणी धरत आहे ते दिसत नाही. डुकरावर झाडलेली गोळी माणसाला लागायला वेळ लागत नाही. रायफलीचा परवाना वेगळा, त्याची कारणे वेगळी, आणि काही बोअरच्या रायफली तर साध्या नागरिकाला निषिद्धच आहेत.

परवाना नसताना बंदूक जवळ असली तर काय? २०१९ साली कायदा कडक झाला. गावठी कट्टा असो, लोहाराकडून करून घेतलेली ठासणी असो, परवाना नाही म्हणजे कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, वर दंड. पूर्वी हे एक ते तीन वर्षे होते. आणि भिंतीवर टांगलेली आजोबांची बंदूक? आजोबांबरोबर त्यांचा परवानाही संपला. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, मग वारसाने आपल्या नावाचा अर्ज करायचा. "आठवण म्हणून ठेवली" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

परवाना आहे, पण बंदूक दुसऱ्याच्या हातात आहे, तर? परवानाधारक सोबत असला तर दुसऱ्याने ती धरली तरी चालते. सोबत नसेल तर त्याची लेखी चिठ्ठी पाहिजे, आणि तीही बंदूक दुरुस्तीला नेण्यापुरती, परवाना नूतनीकरणाला नेण्यापुरती किंवा धन्याला वापरायला पोचवण्यापुरती. पुतण्याने माळ्यावर बसून झाडायची असेल तर चिठ्ठी उपयोगाची नाही. घरात राखण दुसरा कोणी करत असेल तर अर्ज करतानाच ते सांगा आणि त्याचे नाव कागदावर कसे येईल ते विचारून घ्या.

आता चिठ्ठीतल्या मुद्द्यावर येतो. परवाना आहे, बंदूक माझी आहे, हात माझा आहे. मग खांद्याला लावून रस्त्याने चालायला काय हरकत आहे?

हरकत आहे. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी केलेल्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. सार्वजनिक जागी ती परजून दाखवणे किंवा हवेत बार काढणे साफ मना आहे. तुमचे स्वतःचे वावर सार्वजनिक जागा नाही. पण वस्तीवरून वावरात जाताना मधला डांबरी रस्ता, एसटीचा थांबा, चहाची टपरी, आठवड्याचा बाजार या सार्वजनिक जागा आहेत. तेवढ्या वाटेवर बंदूक कव्हरमध्ये पाहिजे आणि परवाना खिशात पाहिजे. पोलिसाने मागितला तर तो दाखवावाच लागतो.

परवान्यावर बारीक अक्षरात अटी छापलेल्या असतात. घरी गेल्यावर चष्मा लावून वाचा. त्यात लिहिले आहे की खास परवानगीशिवाय बंदूक जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायची नाही. मोर्चा म्हणजे सार्वजनिक जमाव. दुसरे काय? ही अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि परवाना जातो तो वेगळाच. ज्या डुकरासाठी परवाना घेतला ते डूक आता बिनघोर.

लग्नात बार काढायची काहींना हौस असते. २०१९ च्या दुरुस्तीत त्यालाही कलम लावले आहे. आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणाने गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२५ च्या जुलैत आपल्याच यवत पोलीस ठाण्याच्या हद्दीत, चौफुल्याजवळ एका कला केंद्रात गोळीबार झाला, तेव्हा राज्यभरच्या वर्तमानपत्रांत दौंड तालुक्याचे नाव कशासाठी आले ते तुम्ही वाचले आहे. आपल्या ज्वारीच्या भावासाठी एवढे रकाने कधी आले होते का?

याच्यावर आणखी एक झाकण आहे, ते म्हणजे मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ जिल्हाधिकाऱ्याला हा अधिकार देते. सण असो, निवडणूक असो, आंदोलन असो, पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत राहतात. त्यात बंदूक येते, तलवार, भाला, सुरा येतो, आणि लाठी-काठीसुद्धा येते. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद, आणि खास कारण नसेल तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही. दुसरा जमावबंदीचा आदेश. त्याला आपण अजून १४४ म्हणतो. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता ते कलम १६३ झाले. २०२५ च्या ऑगस्टात याच यवतमध्ये तणाव झाला तेव्हा तो लागला होता. तुमची दुकाने बंद होती, बाजार बंद होता, भाजी सडली. तेव्हा यवतकरांना मी हे सांगायला नको की एका गावात जमाव आणि हत्यार यांच्यात किती थोडे अंतर असते आणि त्याची किंमत कोण मोजतो.

निवडणुकीत परवान्याची हत्यारे जमा करायला सांगतात. नोटीस आली तर जमा करा, पावती घ्या. पिकाचा हंगाम असेल तर छाननी समितीकडे लेखी अर्ज करा की राखणीसाठी हत्यार ठेवू द्यावे. अर्ज करायला कोणी अडवलेले नाही. न करता घरात लपवून ठेवणे हा मात्र आयता गुन्हा आहे.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. आतापर्यंत सांगितले ते एकेकट्या बंदूकवाल्याचे. पण मोर्चात एकटा कोणी नसतो.

भारतीय न्याय संहितेत बेकायदेशीर जमावाची व्याख्या आहे. पाच किंवा जास्त माणसे जमली आणि त्यांचा हेतू बळाचा वापर करून किंवा बळाचा नुसता देखावा करून सरकारला किंवा सरकारी नोकराला दबवण्याचा असला, तर तो बेकायदेशीर जमाव. देखावा हा शब्द ध्यानात ठेवा. गोळी झाडायलाच पाहिजे असे नाही. "साहेब आपसूक खुर्चीतून उठतील" असे चिठ्ठीत लिहिले आहे ना? सरकारी वकील हीच चिठ्ठी कोर्टात वाचेल. हेतू सिद्ध करायला त्याला दुसरा पुरावा लागणार नाही. म्हणून ही चिठ्ठी मी बैठक संपायच्या आत फाडून टाकणार आहे.

अशा जमावात ज्याच्या हातात प्राणघातक हत्यार असेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. दगडफेक झाली, दंगल झाली, तर हत्यारवाल्याला पाच वर्षांपर्यंत. आणि जमावाच्या समान हेतूसाठी एकाने गुन्हा केला तर तो जमावातल्या प्रत्येकाने केला असे धरतात. प्रत्येकाने. ज्या आजीने नुसता झेंडा धरला होता तिने, ज्या पोराने नुसती घोषणा दिली त्याने. पाचशे माणसांत एक बंदूक आणि पाचशे जणांवर टांगती तलवार. सुटाल, कदाचित सुटाल, पण किती वर्षांनी? आणि तोवर पासपोर्ट, पोलीस भरती, नोकरीची चारित्र्य पडताळणी या सगळ्यात तुमच्या पोरांची नावे अडकतील. पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते. हे नुकसान एका पिढीचे आहे.

आता कोणी म्हणेल की एकत्र जमण्याचा हक्क आम्हाला घटनेने दिला आहे. दिला आहे. घटनेच्या कलम १९ मध्ये तो आहे. पण त्यात लिहिले काय आहे? शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. विनाशस्त्र हा शब्द हक्काच्या पोटातच आहे. आपण रिकाम्या हाताने जमलो तर आपल्याला अडवण्यासाठी सरकारला कारण द्यावे लागते, कोर्टात उत्तर द्यावे लागते. आपण बंदूक घेऊन जमलो तर उत्तर द्यायची पाळी आपली. आपली रिकामी मूठ ही आपली कायदेशीर ढाल आहे, आणि चिठ्ठीवाला ती खाली ठेवायला सांगतो आहे.

काही शिकलेली पोरे मला अमेरिकेचे दाखले देतात. तिथे बऱ्याच राज्यांत माणूस रायफल खांद्याला लावून उघड फिरू शकतो, खरे आहे. त्यांच्या घटनेत हत्यार बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत नाही. पण तिथेही काय झाले ते बघा. २०१६ च्या जानेवारीत ओरेगॉन राज्यात काही गुरेपाळ आणि त्यांचे साथीदार बंदुका घेऊन सरकारी पक्षी अभयारण्याच्या इमारतीत जाऊन बसले. तक्रार काय होती? चराऊ जमिनीवर सरकारची सत्ता आणि दोन गुरेपाळांना झालेली कैद. तक्रारीत तथ्य असेल नसेल. एक्केचाळीस दिवस ते प्रकरण चालले, त्यांच्यातला एक पोलिसांच्या गोळीने मेला. काहींनी गुन्हा कबूल केला, म्होरके त्या खटल्यात सुटले. पण चराईचे काय झाले, हे त्या दिवसांत कोणी विचारले का? सगळे बंदुकीवर बोलत होते. जिथे हत्यार उघड नेणे कायद्यात बसते तिथे ही गत. आपल्याकडे तर ते बसतच नाही.

आता जनावराकडे या. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. ही गफलत गावोगाव आहे. पीक राखणीचा परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो, आवाज करून जनावर हुसकावण्यापुरती ती कामाची. जनावर मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी लेखी परवानगी लागते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याचा आदेश फक्त राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, तेही तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल तर. २०२५ च्या नोव्हेंबरात पिंपरखेडचा बिबट्या असाच रीतसर आदेश घेऊन नेमबाजांकडून मारला गेला. आदेशाविना पहिल्या अनुसूचीतले जनावर मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार दंड. काळवीट आणि चिंकारासुद्धा याच अनुसूचीत. रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. फास लावणे, सापळा लावणे, डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवणे हेही कायद्याने शिकारीतच येते.

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या किंवा कर्जतकडच्या रेहेकुरीच्या दहा किलोमीटरच्या आत ज्यांची घरे आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथे परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही.

आणि समोर बिबट्या उभा राहिला, पोरावर झेप घेतली, तर? तर कायदा तुम्हाला कागद आणायला पाठवत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मेले किंवा जखमी झाले तर तो गुन्हा नाही, असे कलम ११ स्पष्ट सांगते. मात्र तुम्ही त्या वेळी दुसरे काही बेकायदा करत नसले पाहिजे. शिकारीला गेलात आणि मग म्हणालात की अंगावर आला, तर ती सबब ऐकली जात नाही. मेलेले जनावर सरकारचे असते. त्याला हात लावू नका, लगेच कळवा.

कापूसवाल्यांना २०१८ आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात एका वाघिणीने माणसे मारली होती. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. सरकारचा आदेश होता, सरकारनेच बोलावलेला नेमबाज होता. पण गोळी झाडली ती त्याच्या मुलाने, आणि त्याच्या नावे अधिकार नव्हता. व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशी समितीने शस्त्र कायद्याचा भंग झाल्याचे अहवालात लिहिले. आदेश असताना, सरकार पाठीशी असताना, बंदूक कोणाच्या हातात होती हा प्रश्न सुटला नाही. मग तुमच्या-माझ्या पुतण्याला तो कसा सुटेल?

भावांनो, आपण घाबरणारी माणसे नाही. आपण कुठल्या मातीतले आहोत ते आठवा. इथून जवळच सुपे आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ ला युद्ध संपले, भाव पडले, सावकाराने मूठ आवळली आणि कोर्टाच्या हुकमाने जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारपेठेत आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी काय मागितले? कर्जखते मागितली, वह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरे जळाली, तेही झाले, ते झाकायचे कारण नाही. पण त्यांचे भांडण माणसाच्या जिवाशी नव्हते, कागदाशी होते. ज्या कागदाने गळा आवळला तो कागद त्यांनी बरोबर ओळखला. हे लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर, नगर जिल्ह्यापर्यंत गेले. चौकशीला आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीच्या वाटेवरचा पहिला मोठा कायदा झाला. तो पुरेसा नव्हता. पण लंडनपर्यंत जो आवाज गेला तो बंदुकीचा नव्हता.

आज आपला गळा कोणत्या कागदाने आवळला आहे? माझ्या मते तो विजेच्या वेळापत्रकाचा कागद आहे. शेतकरी रात्री दोन वाजता उसात, ज्वारीत मोटार चालू करायला का जातो? त्याला हौस आहे का? वीज रात्री येते म्हणून जातो. बिबट्याच्या वेळेला माणूस शेतात ढकलायचा, आणि मग बिबट्या का आला म्हणून विचारायचे. दिवसा वीज द्या, निम्मे धोके तिथेच कमी होतील. दुसरा कागद नुकसानभरपाईचा. डुकराने पीक पाडले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज गेला पाहिजे. आपण आठवड्याने जातो, मग कोणी मुदत संपली म्हणते आणि आपण हात हलवत परत येतो. तिसरा कागद डुकराच्या परवानगीचा. त्यासाठी गावागावातून लेखी अर्ज किती गेले? बोटांवर मोजा. आपण अर्जच केला नाही तर साहेबाने नाकारले असे म्हणायला तोंड कुठे आहे?

तेव्हा माझी सूचना अशी, आणि बैठकीने ती ठराव म्हणून घ्यावी.

एक. आपल्या कोणत्याही मोर्चात, सभेत, रस्ता रोकोत बंदूक, रायफल, कट्टा, कोयता, तलवार येणार नाही. मनाई आदेश असेल तर काठीही नाही. प्रत्येक गावाने पाच स्वयंसेवक द्यावेत. हत्यार घेऊन कोणी आला तर त्याला प्रेमाने बाजूला घेऊन घरी पाठवावे. तो आपला असेल तर चुकलेला आहे, आपला नसेल तर मोर्चा बिघडवायला पाठवलेला आहे.

दोन. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी या महिन्यात तो तपासावा. मुदत संपली आहे का, क्षेत्र कोणते लिहिले आहे, अटी काय आहेत. वारसाच्या बंदुका जमा कराव्यात.

तीन. ज्यांना राखणीसाठी खरी गरज आहे त्यांनी सात-बारा, पीकपाहणी आणि नुकसानीचे पंचनामे जोडून परवान्याचे अर्ज एकत्र करावेत. मी आणि आपले वकील कार्यकर्ते महिन्यातून एकदा इथे बसू.

चार. दिवसा वीज, बिबट्याप्रवण गावांत पुरेसे पिंजरे आणि माणसे, आणि डुकराच्या अर्जांचा वेळेत निकाल, या तीन मागण्यांसाठी मोर्चा निघेल. पोलिसांना आधी लेखी कळवून निघेल. बायकापोरांसह निघेल, कारण हातात हत्यार नसेल तरच बायकापोरे बरोबर येतात.

शेवटी चिठ्ठीवाल्या भावाला सांगतो. तुझ्या घरी बंदूक असेल तर ती नीट तेल लावून, कव्हरमध्ये घालून ठेव. सुगीत माळ्यावर तीच तुझ्या कामी येईल. मोर्चाला येताना घरच्या दोन माणसांना घेऊन ये. साहेब बंदुकीला बघून खुर्चीतून उठेल तो पोलिसांना फोन करायला उठेल. आणि हजारो रिकाम्या हातांना बघून उठेल तो निवेदन घ्यायला उठेल. आपल्याला कोणते उठणे पाहिजे ते बैठकीने ठरवावे.

(भाषणानंतर चारही सूचना हात वर करून मंजूर झाल्या. चिठ्ठी फाडण्यात आली.)